नाही म्हणायची छाती नसेल, तर पालिकेला कुलूप ठोका!

पाच हजार रुपये! शहराने लेखी नकार दिल्यावरही इमारत उभारणाऱ्या माणसाला महाराष्ट्राच्या कायद्याने ठरवलेला कमाल दंड एवढाच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ५२. त्याच कलमात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंतची कैदही लिहिली आहे. ती भोगून आलेला बिल्डर आमच्या वाचकांपैकी कोणी पाहिला असेल तर त्याने जरूर कळवावे, आम्ही त्याचा फोटो पहिल्या पानावर छापू. पाच हजारांत आज एका खोलीला धड लाद्या बसत नाहीत. पण तेवढ्या पैशांत या राज्यात अख्ख्या शहराचा नकार पायाखाली घालता येतो, आणि वर न्यायालयातून स्थगिती आणून पालिकेच्याच दारात फटाके फोडता येतात!

या अधिनियमाची ४४ आणि ४५ ही दोन कलमे नुसती वाचली तर वाटते, केवढा हा अधिकार! जमिनीचा विकास करायचा तर आधी नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. आमच्याकडे हे प्राधिकरण म्हणजे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरची नगरपालिका. तिने परवानगी द्यावी, अटी घालून द्यावी किंवा साफ नाकारावी. अटी घातल्या किंवा नाकारले तर कारणे लिहावीत. हा अधिकार मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीची शोभा वाढवायला दिलेला नाही. ज्याला वकील परवडत नाही, ज्याची मंत्रालयात ओळख नाही, ज्याच्या घरासमोरचा रस्ता, मागचा नाला आणि पोरांच्या शाळेची जागा कोणाच्या तरी नकाशात गिळली जाणार आहे, त्याच्या वतीने पालिकेने नाही म्हणायचे असते. शहराकडे गरिबांसाठी दुसरे हत्यारच नाही. आणि हे एकच हत्यार गेली चाळीस वर्षे जाणूनबुजून बोथट केले गेले आहे. बिल्डरांनी तर केलेच. पण त्यांच्याहून अधिक ते पालिकांनी केले, मंत्रालयाने केले आणि विधिमंडळाने केले, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडची कथा नंदुरबारच्या माणसाने नीट ऐकावी. जमीन मुंबई महापालिकेचीच. १९५५ साली प्युअर ड्रिंक्स या शीतपेयांच्या कंपनीला ती भाडेपट्ट्याने दिली होती. १९८० च्या सुमारास कारखान्याच्या या जागेवर निवासी इमारतींना परवानगी मिळाली. मंजूर नकाशे पाच-सहा मजल्यांचे. बिल्डरांनी वाढीव मजल्यांचे सुधारित नकाशे दाखल केले, पालिकेने ते फेटाळले. नोव्हेंबर १९८४ मध्ये काम थांबवा अशी नोटीस निघाली. शहर नाही म्हणाले, लेखी म्हणाले, कारण देऊन म्हणाले. मग काम थांबले काय? सात इमारतींपैकी एक वीस मजल्यांवर गेली, दुसरी सतरा मजल्यांवर. नोटीस एकीकडे, सिमेंट दुसरीकडे! एक-एक स्लॅब पडत होता तेव्हा पालिकेचे अभियंते काय मोजत होते? पस्तीस मजले बेकायदा ठरले. ते काही एका रात्रीत कोणी दडवून बांधले नव्हते. भोगवटा प्रमाणपत्र नसताना कुटुंबे राहायला आली, पालिकेचे रीतसर पाणी नसताना संसार थाटले गेले, मुले मोठी झाली, लग्ने झाली, आणि कागदावर त्या घरांना अस्तित्वच नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २७ फेब्रुवारी २०१३ रोजी. १९८४ च्या नकाराला नकार म्हणून मान्यता मिळायला अठ्ठावीस वर्षे लागली! बेकायदा मजले पाडा, असे न्यायालयाने बजावले. नकाशे मंजूर नाहीत हे घेणाऱ्यांना ठाऊक होते, भरपाई मागायची तर बिल्डरांकडे मागा, असेही सुनावले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बुलडोझर कंपाउंडात शिरला तेव्हा दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे रहिवासी रडत होते आणि एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे पुढारी तिथे एका रांगेत उभे होते. १३ नोव्हेंबरला न्यायालयाने स्वतःहून ३१ मे २०१४ पर्यंत मुदत दिली. मुदत संपल्यावर, जून २०१४ मध्ये, पालिकेने वीज, गॅस आणि पाणी तोडले. रडणाऱ्या म्हातारीची चेष्टा करण्याइतके आम्ही निर्दय नाही. पण या साऱ्या तमाशात बिल्डर कुठे होता, एवढेच विचारतो. ज्याने फेटाळलेल्या नकाशावर घरे विकून पैसे खिशात घातले, तो त्या चित्रात नव्हता. ज्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मजले चढले, तेही नव्हते. बेघर होण्याची पाळी फक्त घेणाऱ्यावर आली.

त्याच १९८४ सालची मुंबईचीच दुसरी नोटीस बघा. भुलाभाई देसाई रस्त्यावरची छत्तीस मजली प्रतिभा इमारत. मंजूर चटई क्षेत्रापेक्षा जास्त बांधकाम झाल्याचे उघड झाले आणि महापालिकेने वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश काढला; चोवीस हजार चौरस फुटांचा हिशेब. सोसायटी शासनाकडे गेली, उच्च न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९१ मध्ये शेवटचा शब्द आला: पालिका बरोबर, आठही मजले जातील. इथे सात वर्षे, तिथे अठ्ठावीस. कायदा दोन्हीकडे तोच, शहर तेच, नोटिशीचे सालही तेच! फरक पडला तो इतकाच की एका ठिकाणी पालिकेने आपल्या नोटिशीचा पाठपुरावा केला आणि दुसरीकडे नोटीस काढून ती झोपी गेली. प्रतिभाचा उरलेला सांगाडा पुढे कैक वर्षे समुद्राकडे तोंड करून ओसाड उभा होता. मलबार हिल आणि ब्रीच कँडीच्या बिल्डरांना तो रोज दिसत होता. तरीही पुढची पिढी शिकली नाही, कारण त्यांना एक ओसाड इमारत दिसत होती आणि तिच्या भोवती शंभर भरलेल्या इमारती दिसत होत्या.

आमच्या जिल्ह्यात वीस मजले नाहीत म्हणून कोणी सुटकेचा श्वास टाकू नये. मुंबईत ही चोरी उभी चढते, खानदेशात ती आडवी पसरते. गावाच्या कडेचे शेत कोणीतरी घेतो. बिनशेती परवाना असतो किंवा नसतो. रेखांकन मंजुरीला गेलेले असते, किंवा गेलेले आहे असे सांगितले जाते. चुन्याच्या रेषा पडतात, मुरमाचा रस्ता होतो, एक कमान उभी राहते, तिला देवाचे नाव दिले जाते. साठेखत नोटरीपुढे, पैसे रोखीत. नगररचना विभागाने रेखांकन नाकारले असेल तर ते घेणाऱ्याच्या कानावर कधी जात नाही. राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार अशा मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती मोकळी जागा नकाशात असते, विक्रीच्या वेळी बागेची म्हणून दाखवली जाते, आणि पाचेक वर्षांनी तिच्यावर कोणाचे तरी पत्र्याचे शेड असते. मग त्या वसाहतीतली माणसे पालिकेच्या दारात येतात: नळ द्या, गटार द्या, दिवा द्या. विरचक धरणातले पाणी रीतसर कर भरणाऱ्या वस्त्यांना पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, तिथे पालिकेने नकार दिलेल्या वसाहतींनाही त्यातूनच वाटा द्यायचा. बिल्डर तोवर पुढच्या शेताकडे वळलेला असतो.

मोकळ्या जागेच्या चोरीला न्यायालये काय म्हणतात हे बघायचे तर बंगळूरकडे पाहा. बागेसाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून एका खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. वस्तीतले सामान्य लोक न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. मुख्यमंत्र्याचा हुकूम बागेपुढे हरला! लखनौत तर एका उद्यानाखाली बांधलेला भुयारी बाजार १९९९ मध्ये त्याच न्यायालयाने उखडायला लावला. हे निकाल कायद्याच्या पुस्तकांत पडून आहेत. आमच्या किती मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ते असतील?

शहराचा नकार मारण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पहिली रीत मौनाची. कलम ४५ प्रमाणे पूर्ण अर्ज आल्यापासून साठ दिवसांत पालिकेने काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे मानायची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता: पालिकेने प्रामाणिक माणसाला लटकवू नये. त्या तरतुदीला एक अटही जोडलेली आहे. नियमांत तंतोतंत बसणाऱ्या बांधकामालाच ही मानीव परवानगी लागू होते. पण ही अट कोण वाचतो? फाइल एकसष्टाव्या दिवसापर्यंत कपाटात पडून राहते आणि मग बिल्डर मानीव परवानगीचा झेंडा घेऊन न्यायालयात उभा राहतो. फाइल चुकून कपाटात राहिली, असे कोणी सांगितले तर आम्ही हसू. साठ दिवस मोजायला कॅलेंडर लागते आणि ते प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर असते.

दुसरी रीत मंत्रालयाची. कलम ४७ प्रमाणे नकार मिळालेला अर्जदार चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करू शकतो. म्हणजे शहराने, नकाशा बघून, नाला बघून, रस्ता बघून जे ठरवले, त्याचा फैसला त्या शहरात कधी पायी न फिरलेल्या माणसापुढे मुंबईत होणार. आणि तो फैसला करणारे शासन म्हणजे शेवटी पक्षाचे सरकार. त्या पक्षाला निवडणुका लढवायच्या असतात. निवडणुका कोणाच्या पैशाने लढल्या जातात हे नंदुरबारच्या मंगळ बाजारातल्या भाजीवालीलाही माहीत आहे. अपिलाची सोय असावी, पालिकाही चुकते. पण ते अपील मंत्र्याच्या दालनात का? वीज दराचे भांडण आयोगापुढे जाते, घर घेणाऱ्याची तक्रार महारेरापुढे जाते. मग शहराच्या आराखड्याचे भांडण मात्र राजकारण्याच्या मर्जीवर का सोडले? याचे उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही, कारण कोणत्याही सरकारला ही चावी हातातून सोडायची नाही.

तिसरी रीत स्थगितीची. याच कायद्याच्या कलम १४९ ने नियोजन प्राधिकरणाचे आदेश अंतिम ठरवले आहेत, दाव्यातून त्यांना आव्हान देता येत नाही. तरीही पाडण्याच्या नोटिशीवर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणणे हा या राज्यात एक स्वतंत्र धंदा होऊन बसला आहे. पालिकेने कॅव्हेट दाखल केलेले नसते, तारखेला वकील हजर नसतो, कागद वेळेत पोहोचत नाहीत, आणि एकतर्फी स्थगिती निघते. ती उठवायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जायचे म्हणजे पैसा आला, वर्षे आली. तेवढ्यात स्लॅब पडलेला असतो, घरे विकलेली असतात, आणि न्यायालयापुढे बिल्डरऐवजी दहा कुटुंबे उभी असतात. न्यायाधीशालाही मन असते. बिल्डर नेमका त्याच मनावर जुगार खेळतो.

आणि चौथी, सगळ्यांत निर्लज्ज रीत: माफीची. उल्हासनगरच्या शेकडो इमारतींवर न्यायालयाचा हातोडा पडायची वेळ आली तेव्हा खास त्या शहरासाठी कायदा झाला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड नियमानुकूल केले. यापुढे नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. २०२१ मध्ये तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली गेली. नवी मुंबईतल्या दिघ्याच्या इमारतींवरून गदारोळ झाल्यावर २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२अ घुसवले आणि २०१५ अखेरपर्यंतची बांधकामे शुल्क घेऊन पदरात घेण्याची वाट मोकळी केली. २०२५ मध्ये तर तुकडेबंदीचा कायदाच शहरी पट्ट्यात सैल करण्याची घोषणा विधानसभेत झाली. ज्या गरिबाने एक गुंठा घेऊन पत्र्याचे छप्पर घातले त्याला सांभाळून घ्या, आमचा विरोध नाही. त्याला परवडेल असे घर सरकारने कधी दिलेच नाही. पण त्याच्या आडून शंभर गुंठ्यांचा धनी धुऊन निघतो त्याचे काय? दर दहा-पंधरा वर्षांनी सरकार नवी तारीख जाहीर करते, आणि जाहीर होताच पुढच्या तारखेची वाट पाहत नवी बांधकामे सुरू होतात. ज्याने नियम पाळून समास सोडला, दहा टक्के जागा मोकळी ठेवली, परवान्याचे पैसे भरले, तो मूर्ख ठरतो. सरकारच कायदा पाळणाऱ्याला मूर्ख ठरवत असेल, तर पालिकेच्या नकाराला भीक कोण घालणार?

नंदुरबारसाठी या प्रश्नाला आणखी एक धार आहे, ती मुंबईकरांना कळणार नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातली एकोणसत्तर माणसे आदिवासी आहेत. इथे शहराच्या वेशीबाहेरचे शेत बहुधा भिल्लाचे, पावराचे, कोकणीचे, मावचीचे असते किंवा कधीकाळी होते. शहाद्याच्या भूमीवर अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जो लढा उभारला तो याच गेलेल्या जमिनींसाठी. त्याच काळात राज्याने दोन कायदे केले. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ने, ६ जुलै १९७४ पासून, जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायला बंदी घातली; विक्रीसाठी शासनाची पूर्वसंमतीही लागते. आणि १९७४ च्या जमीन परत करण्याच्या अधिनियमाने १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत हातची गेलेली जमीन परत मिळण्याचा मार्ग केला. सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात तो कायदा उचलूनही धरला. कायद्याची भिंत एवढी जाड असताना शहरांच्या कडेने जमिनी सरकतात कशा? भाडेपट्टा, भागीदारी, मुखत्यारपत्र, नावाला आदिवासी आणि पैशाला दुसराच. या जिल्ह्यात रेखांकन नाकारताना पालिकेने आणि नगररचना खात्याने पहिला प्रश्न सातबाऱ्याच्या इतिहासाचा विचारायला हवा. हा प्रश्न महसूलचा, आमचा नाही, असे म्हणून जो अधिकारी पुढची पाने उलटतो, त्याने या जिल्ह्यात पगार घेऊ नये.

शिवाय शहराच्या हद्दवाढीचा एक सापळा आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जमीन वाचवण्याचा अधिकार दिला. पण तेच गाव नगरपालिकेच्या हद्दीत घेतले की ग्रामसभा संपली. शहरी अनुसूचित क्षेत्रासाठी असाच कायदा करण्याचे विधेयक २००१ मध्ये संसदेत आले, ते आजतागायत कायदा झालेले नाही. म्हणजे हद्द वाढली की आदिवासीचा एक नकार हिरावला जातो, आणि त्याच्या जागी फक्त पालिकेचा नकार उरतो. तोही पालिकेने विकला तर त्या माणसाकडे काय राहिले? अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या तेहतीस गावांनी सरदार सरोवराला नाही म्हटले होते. ते कोणी ऐकले नाही, आणि मणिबेलीपासून पुढची गावे पाण्याखाली गेली. बुडालेल्या गावांतून उठून शहाद्या-तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतींत आलेल्या माणसाला पुन्हा एकदा प्लॉटिंगच्या कडेने हुसकायचे, एवढाच विकास या जिल्ह्याच्या वाट्याला आहे काय?

आणि ऐकणारे असले तर काय होते तेही सांगतो. २०१३ सालच्या एप्रिलमध्ये, कॅम्पा कोलाच्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. पावसाळ्यात बारा गावांच्या सभा भरल्या. बाराही ग्रामसभांनी वेदांतासारख्या बलाढ्य कंपनीच्या बॉक्साइटला नाही म्हटले, आणि त्या डोंगरावर खाण झाली नाही. नियमगिरीच्या बारा वस्त्यांना जे जमले, ते अभियंते, नगररचनाकार आणि विधी सल्लागार पदरी असलेल्या आमच्या नगरपालिकांना जमत नाही! १९२६ साली अमेरिकेत युक्लिड नावाच्या एका छोट्या गावाने एका जमीन कंपनीला तिच्या जमिनीवर कारखाने उभारू दिले नाहीत. भांडण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि गाव जिंकले. त्या देशातली शहरांची नियोजन व्यवस्था आजही त्या निकालावर उभी आहे. गाव छोटे असले तरी नकाराला धाक असू शकतो, फक्त नाही म्हणणाऱ्याने त्यावर ठाम राहावे लागते.

पालिकेच्या बाजूने आम्ही बोलतो आहोत, असा तिने गैरसमज करून घेऊ नये. नकार हे खंडणीचे साधन झाल्याचेही आम्ही पाहतो. नियमात बसणारा साधा माणूस, दोन खोल्यांचा नकाशा घेऊन आलेला, त्रुटींच्या पत्रांनी दमवला जातो. कुठली त्रुटी कशाने दूर होते हे त्याला कोपऱ्यातला दलाल सांगतो. शेतावर शाळेचे किंवा बागेचे आरक्षण टाकायचे आणि वीस-वीस वर्षे ना शाळा बांधायची ना मोबदला द्यायचा, हेही पालिकांचेच पाप. म्हणून तर कलम १२७ आहे: दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी आणि ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण जाते. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, मग चोवीस. शासनाने पालिकेला आळसासाठी वेळ वाढवून दिला, शेतकऱ्याला काही दिले नाही. आणि इथेही खेळ आहेच. मालकाची नोटीस आली की ती महिनोन्‌महिने दाबून ठेवायची, मुदत जाऊ द्यायची, आरक्षण पडू द्यायचे. मालक बदललेला असतो, तो आता शेतकरी नसतो, बिल्डर असतो. बाग गेली, पालिकेच्या कोणाचेही काही गेले नाही. पैसे नाहीत, ही सबब तर १९८० मध्येच मेली. शेजारच्या माळव्यातल्या रतलाम पालिकेने गटारे बांधायला पैसे नाहीत असे म्हटले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या पीठाने ते उडवून लावले होते.

आणि पालिका स्वतःच बिल्डर झाली तर? जळगाव फार लांब नाही. तिथल्या घरकुल योजनेत अकरा हजारांवर घरे बांधायची होती, पुरी झाली ती दीड हजारांच्या आसपास. तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह अठ्ठेचाळीस जणांना दोषी ठरवले. अपिले उच्च न्यायालयात गेली आहेत, तिथे जे व्हायचे ते होईल. आम्हाला त्यातून एवढेच दिसते की सभागृहात हात वर करणाऱ्या नगरसेवकालाही कधीतरी हिशेब द्यावा लागतो. एका अधिकाऱ्याने फिर्याद केली, तेरा वर्षांनी का होईना, न्यायालयाने त्याची दखल घेतली.

१७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिले: मंजूर नकाशा बांधकामाच्या जागेवर लावा, वेळोवेळी तपासणी करा, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा नको, वीज-पाण्याची कायम जोडणी नको, बँकांनीही कर्ज देताना ते प्रमाणपत्र बघावे, आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई करावी. आदेश सर्व राज्यांना लागू आहेत. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरच्या मुख्याधिकाऱ्यांना आमचा जाहीर सवाल आहे: तुमच्या हद्दीतल्या किती बांधकामांवर मंजूर नकाशाचा फलक लागला आहे? किती वीजजोडण्या त्या प्रमाणपत्राशिवाय दिल्या गेल्या? किती रेखांकने तुम्ही नाकारली, किती साठ दिवसांत आणि किती मानीव ठरली? ही यादी पालिकेच्या फलकावर लावा. नाकारलेल्या प्रत्येक रेखांकनाचा गट नंबर, नाकारल्याची तारीख आणि कारण मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला लावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, निधी लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही. एक कागद आणि चार टाचण्या लागतात.

तेवढेही तुमच्याने होत नसेल, तर तुम्ही कोणाची नोकरी करता हे जिल्ह्याला कळून चुकेल. आणि वाचकहो, कमानीवर देवाचे नाव असलेल्या कुठल्याही वसाहतीत पैसे देण्याआधी मंजूर रेखांकनाची प्रत, बिनशेती आदेश आणि सातबाऱ्याचे जुने फेरफार मागा. मिळाले नाहीत तर उठून पालिकेत जा आणि त्या गट नंबरच्या अर्जाला काय उत्तर दिले ते लेखी मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.